दाराबाहेरचे साळवेमामा

मुलाखतीला आलेल्या उमेदवाराकडे साळवेमामा खालून वर बघत. आधी पाय, मग हात, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी तोंड. "तोंड काय, समदेच धुवून येत्यात," ते म्हणत. "पाय खरं बोलत्यात."

नगरमधल्या एका मोठ्या सरकारी कचेरीत ते शिपाई होते. कचेरीचं नाव मी लिहीत नाही. त्याचं कारण पुढे कळेलच. कोंडीराम बाबुराव साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. साहेबांच्या दालनाबाहेरच्या लाकडी स्टुलावर त्यांनी तीसेक वर्षं काढली. त्या दालनात वर्षातून दोन-तीनदा भरतीच्या मुलाखती व्हायच्या. नाव पुकारायचं, दार उघडून धरायचं, मधेच चहाचा ट्रे घेऊन आत जायचं आणि एकाचं झालं की दुसऱ्याला पुकारायचं, हे मामांचं काम. चहा घेऊन ते उमेदवाराच्या मागच्या बाजूनं आत शिरत. साहेबलोकांना टेबलाच्या वरचा माणूस दिसायचा, मामांना टेबलाच्या खालचा. वर तोंड धडाधड उत्तरं देत असायचं आणि खाली एक पाय दुसऱ्या पायाला घट्ट आवळून बसलेला असायचा. रुमालाचा पिळा झालेला असायचा. एकदा एका पोरानं चपलेतून पाय काढून अंगठ्यानं फरशी उकरायला सुरुवात केली होती, असं ते सांगत. "त्याची समदी उत्तरं बरोबर हुती. पन फरशीतून खाली जायला वाट हुडकत हुता बिचारा."

हे सगळं त्यांनी नुसतं बघितलं असतं, तर आज मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले नसते. त्यांनी ते आम्हाला शिकवलं.

नव्वदच्या पुढेमागे आमच्या वस्तीतली पहिली पिढी शिकून बाहेर पडत होती. कुणी बी.ए., कुणी आयटीआय, कुणी टायपिंगच्या परीक्षा दिलेलं. तिकडे पुण्याच्या रस्त्यावर सुप्याला कारखाने उभे राहत होते, इकडे सरकारी जागा निघत होत्या. मुलाखतीचे कागद घरोघरी यायचे आणि पोरं तशीच परत यायची. लेखी पास, तोंडी नापास. मामा हे कचेरीतही बघत होते आणि गल्लीतही. एका रविवारी सकाळी त्यांनी वस्तीतलं विहार झाडून घेतलं, मंडपवाल्याकडून दोन लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि एक टेबल मागून आणलं, आणि आम्हा सात-आठ जणांना बोलावलं. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं, लग्नसराईत मंडपवाल्याच्या खुर्च्या मोकळ्या नसायच्या तेवढे रविवार सोडले, तर तो वर्ग चुकला नाही.

मामा उंच, वाळलेले, काळेसावळे. मिशी बारीक कातरलेली. खाकी कपड्यांना मामी तांब्यात निखारे घालून इस्त्री करायच्या, त्यामुळे कडा धारदार असायच्या. भिंतीला टेकून उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. कुठल्याही दारातून आत जाताना, अगदी स्वतःच्या घरातसुद्धा, ते उंबऱ्याशी क्षणभर थांबायचे, एक श्वास घ्यायचे आणि मगच पाऊल टाकायचे. आम्हालाही तेच सांगायचे. "धापा टाकत आत गेलं की त्यांना वाटतं, ह्यो पळून आलाय. उंबऱ्याला एक श्वास ठिवायचा."

विहाराचं दार करकरायचं. कुणीतरी बिजागऱ्यांना तेल घालायला निघालं, तर मामांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. कचेरीतलं बी वाजतं. दार वाजलं म्हनून आपन दचकायचं न्हाई."

ते टेबलामागे बसले की साहेब व्हायचे. आवाज बदलायचा, भाषा बदलायची. एरवी 'हाय', 'न्हाई', 'व्हय' म्हणणारे मामा एकदम 'आपण यापूर्वी कुठे काम केलेलं आहे?' असं विचारू लागायचे. तीस वर्षांत पाहिलेले सगळे साहेब त्यांच्या अंगात होते. एक चष्म्यावरून बघणारा, एक अर्जावरची नजर न काढता प्रश्न विचारणारा, एक उत्तराच्या मधेच शेजारच्याशी बोलायला लागणारा. तो शेजाऱ्याशी बोलला की आमची जीभ अडायची. मामा लगेच साहेबपण टाकून म्हणायचे, "थांबू नको. त्याचा कान इकडंच हाय. बोलत ऱ्हा."

नजर कुठे ठेवायची हा आमचा मोठा प्रश्न होता. वर बघितलं की भांडखोर वाटतो, खाली बघितलं की चोर. मामा म्हणाले, "वाणी साखर तोलतो तवा तुमी काट्याकडं कसं बघता? तसं बघायचं. भांडायचं न्हाई, पन नजर बी हटवायची न्हाई." हसण्याबद्दल म्हणायचे, "दातातलं नको, गालातलं." नमस्कार सगळ्यांना मिळून एकच, आणि कमरेतून वाकायचं नाही. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरायचा. त्यांचं मूळ गाव पाथर्डीकडचं. "माजा बाप पाटलाशी बोलायचा तवा पाटील ओट्यावर आन बाप खाली," त्यांनी एकदा सांगितलं. "बोलताना बाप सोताच्या पायाच्या अंगठ्याकडं बघायचा. मी शेजारी उभा. मी बी माज्या अंगठ्याकडं बघायचो. कुनी शिकिवलं न्हवतं. बापाकडं बघून शिकलो. आता तुमास्नी शिकवून ते काडायचं हाय, म्हनून येळ लागतो."

या सगळ्याला त्यांचा शब्द होता 'बैठक'. बैठक बसली पायजे, असं ते म्हणत. 'बॉडी लँग्वेज' हा शब्द मी कितीतरी वर्षांनी शिक्षकांच्या एका शिबिरात ऐकला. टाय लावलेला एक तरुण मनुष्य पडद्यावर चित्रं दाखवत होता. तो जे सांगत होता ते सगळं मला येत होतं, आणि तो जे सांगत नव्हता तेही येत होतं.

माझा पहिला रविवार मला स्वच्छ आठवतो. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. मी नुकती बी.ए. झाले होते. दार वाजवून आत गेले, परवानगी मागितली, सात पावलं चालले, खुर्ची न फरपटता बसले. इथपर्यंत ठीक झालं.

"नाव?" मामांनी साहेबाच्या आवाजात विचारलं.

"सुमन भिंगर्दि..."

"काय?"

"सुमन."

"पुढे?"

मी पुन्हा पुटपुटले. मामांनी हातातला कागद खाली ठेवला. साहेब गेला, मामा आले.

"आडनाव कुटं गेलं गं? गिळलंस व्हय?"

"मामा, आडनाव सांगितलं की कळतं."

"काय कळतं?"

मी मागे बसलेल्या पोरांकडे पाहिलं. त्यांनी माना खाली घातल्या. आम्ही सगळेच आडनाव गिळत होतो, हे त्या क्षणी सगळ्यांच्या लक्षात आलं.

मामा म्हणाले, "तुजा अर्ज त्येंच्या म्होरं पडल्याला असतो. त्यावर समदं लिवल्यालं हाय. त्येंना आदीच ठावं हाय. तू गिळलंस तर त्येंना नवं येकच कळतं, की तुला त्याची लाज वाटती. ते कशाला कळू द्यायचं?"

मग त्यांनी मला विहाराच्या दारात उभं केलं आणि कोपऱ्यावरच्या नळाकडे तोंड करून पूर्ण नाव उच्चारायला लावलं. नळावरच्या बायका वळून बघेपर्यंत. पहिल्यांदा कुणी वळलं नाही, दुसऱ्यांदा एक वळली. चौथ्यांदा सगळ्या वळल्या, आणि त्यातली एक म्हातारी ओरडली, "आगं, म्हाईत हाय की तू भिंगारदिव्यांची! वरडाया काय झालं?" सगळे हसले. मामाही हसले. गालातलं.

त्या वर्गात अंकुश नावाचा एक मुलगा यायचा. जामखेडकडचा. बहिणीकडे राहून त्यानं आयटीआयमधून फिटरचा कोर्स केला होता. कामाला तरबेज, पण खुर्चीवर बसला की दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरायचा. मामा सांगून थकले. एका रविवारी ते टेबलामागून उठले, अंकुशच्या शेजारी जाऊन त्याचे हात त्यांनी वर घेतले आणि टेबलावर ठेवले. उजव्या हाताच्या दोन बोटांना नखंच नव्हती, आणि एक बोट पेरापाशी वाकडं होतं.

"ह्या हातांनी कुटं चोरी केली का?" मामांनी विचारलं.

अंकुशच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामांनी आम्हाला बाहेर जाऊन यायला सांगितलं. अर्ध्या तासानं आम्ही परत आलो तेव्हा दोघं शेजारी शेजारी खाली जमिनीवर बसले होते आणि अंकुश बोलत होता. लहानपणी तो आईबरोबर खडी फोडायला जायचा. दगडाखाली हात सापडला होता. त्या दिवशी मामांनी पुढे काहीच शिकवलं नाही.

महिन्याभरानं सुप्याच्या एका कारखान्यात त्याची मुलाखत झाली. हात त्यानं टेबलावर ठेवले. इंजिनिअरनं बोटांना काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली न घालता सगळं सांगितलं. मग इंजिनिअरनं त्याला बाहेर शेडमध्ये नेलं, कानस आणि लोखंडाचा तुकडा हातात दिला आणि काम करायला लावलं. अंकुश पेढे घेऊन आला आणि मामांच्या पाया पडायला वाकला. मामांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "आयटीआय कुनी केला? मी केला व्हय? बैठकीनं नोकरी लागत न्हाई, अंकुश. बैठकीनं फकस्त तुजी लायकी झाकून ऱ्हात न्हाई. लायकी तुजी."

असा हिशोबी प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. ते आशा वाढवून ठेवत नसत. वर्गातल्या कितीतरी जणांना सगळं बरोबर करूनही नोकरी मिळाली नाही. ती पोरं पुढच्या रविवारी आली नाहीत, तर मामा त्यांच्या घरी जायचे, चहा प्यायचे आणि मुलाखतीचा विषय न काढता परत यायचे.

कचेरीच्या आवारात मामा आम्हाला ओळख देत नसत. तो त्यांचा नियम होता. "मी शिपाई. माजी वळख सांगून तुमचं नुकसानच व्हायचं," ते म्हणत. पण मुलाखतीच्या दिवशी ते सकाळी लवकर जाऊन माठ घासून ताजं पाणी भरत, आणि आत जाण्याआधी प्रत्येक उमेदवाराला, ओळखीचा असो नसो, एक पेला पाणी देत. खिशात एक कंगवाही असायचा.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला त्याच कचेरीत कनिष्ठ लिपिकाच्या दोन जागा निघाल्या. लेखी परीक्षेत माझे चांगले गुण होते. आम्हा चाळीस जणांना मुलाखतीला बोलावलं. मी आईची मोतिया साडी नेसून, केस चापून, साडेनऊलाच तिथे जाऊन बाकावर बसले. बाकी उमेदवार फायली चाळत होते. मामा पाण्याचा पेला घेऊन माझ्यापाशी आले. आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःचा नियम मोडला.

माझ्याकडे न बघता, व्हरांड्याच्या टोकाकडे बघत ते हळूच म्हणाले, "सुमन, ऐक. काल दुपारी टायपिंगला मीच कागद नेला. निवड यादीचा. दोन नावं हायेत. तुजं न्हाई."

पेला माझ्या हातात तसाच राहिला. "म्हणजे मुलाखती व्हायच्या आधीच?"

"व्हय."

मी उठायला लागले. "मग मी कशाला आत जाऊ, मामा?"

"ते तुज्या मनानं ठरव. जा म्हनत न्हाई, जाऊ नको बी म्हनत न्हाई. पन तुला ठावं नसताना मी दार उगडून धरलं असतं, तर मी बी त्येंच्यातलाच झालो असतो. गेलीस तर नीट बस. त्येंना जे करायचंय ते तुज्या तोंडाकडं बगून करू दे."

पेला घेऊन ते पुढच्या माणसाकडे गेले.

मी घरी जाऊ शकले असते. आजही मला नीट सांगता येत नाही, मी का थांबले. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मामांनी दार उघडून धरलं. मी उंबऱ्याशी एक श्वास घेतला आणि आत गेले.

तिघे होते. मधले अध्यक्ष वयस्कर, त्यांच्या हातात झाकण न काढलेलं पेन. मी नमस्कार केला. पूर्ण नाव सांगितलं, एकदाच, सावकाश. त्यांनी जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं विचारली, पत्रव्यवहाराचे प्रकार विचारले, नोकरी का हवी ते विचारलं. मी पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, एकेकाकडे बघून उत्तरं देत होते. माझ्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं. एक जण खिडकीकडे बघत होता, एक अर्जाचे कोपरे सारखे करत होता. त्यांना माझ्याकडे बघवत नाही, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. आणि माझी भीती गेली.

मामा चहाचा ट्रे घेऊन आत आले.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला काही विचारायचंय?" हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत असणार, सवयीनं.

मी म्हणाले, "हो सर. निवड यादी टाईप झालेली आहे आणि तिच्यात माझं नाव नाही, हे मला माहीत आहे. मला एवढंच विचारायचंय, आम्हा चाळीस जणांना आज का बोलावलं?"

मामांनी अध्यक्षांपुढे कप ठेवला. बशी वाजली नाही. अध्यक्षांनी पहिल्यांदा मान वर केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ट्रे धरलेल्या मामांकडे पाहिलं.

तेव्हा मला कळलं, मी काय केलं होतं ते.

यादी तशीच लागली. ते दोघे कामावर रुजू झाले. आठ दिवसांनी मामांना मेमो मिळाला: कार्यालयीन गोपनीयतेचा भंग. पुरावा कसलाच नव्हता. मी नाव घेतलं नव्हतं, यादी टाईप करणारा वेगळा होता, कुणावरही ढकलता आलं असतं. कचेरीतल्या एका शिपायानं नंतर आम्हाला सांगितलं की, चौकशीच्या वेळी साहेबांनी विचारलं, "साळवे, तुम्ही सांगितलं का?" आणि मामा म्हणाले, "होय साहेब. मीच सांगितलं." पुढे एक शब्द नाही. त्यांची बदली जामखेडच्या शाखेत झाली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मामींना दम्याचा त्रास होता, त्यांना सोडून जाणं भाग होतं.

लाजेनं मी त्यांच्याकडे आठवडाभर गेले नाही. शेवटी वडीलच म्हणाले, "किती दिस तोंड लपवनार? जा." मी गेले तेव्हा मामा घरी नव्हते. जामखेडला न्यायच्या पत्र्याच्या पेटीची कडी बसवायला गेले होते. मामी सुपात बाजरी घेऊन निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि रडायला लागले. मामींनी सूप बाजूला ठेवलं.

"रडू नको. तुला येक सांगते. ह्येंनी कुनाला सांगितल्यालं न्हाई, तू बी सांगू नको."

आणि त्यांनी सांगितलं ते असं. चाळिशी उलटल्यावर मामा बाहेरून बसून मॅट्रिक झाले होते. मॅट्रिक झालेल्या शिपायाला कारकून होता येत असे, त्यासाठी मुलाखत व्हायची. बऱ्याच वर्षांनी मामांचं नाव आलं. त्या दिवशी ते खाकी घालून गेले नाहीत. भावाचा पांढरा सदरा मागून आणला होता, मामींनी रात्रीच इस्त्री करून ठेवला होता. ज्या दालनाबाहेर ते रोज बसत, त्याच दालनात, त्याच साहेबांसमोर मुलाखत होती.

"आत गेले," मामी म्हणाल्या. "कुनी बसा म्हनलंच न्हाई. मग ह्ये हुबेच ऱ्हायले. येक सवाल इचारला, त्याचं उत्तर दिलं. दुसरा इचारायच्या आदी येक सायेब म्हनला, साळवे, आदी जरा च्या सांगा. वाईट म्हनून न्हवं गं. सवय. त्येंना रोज तेच म्हनायची सवय. आन ह्येंना ऐकायची सवय. ह्ये गेले. च्या घिऊन आले. समद्यास्नी दिला. मग सायेब म्हनले, बरं, जा आता."

मामींनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"घरी आले तवा मी सदरा धुवाया मागितला. मला म्हनले, गयाबाई, त्यावर च्याचा येक थेंब बी सांडू दिला न्हाई मी. आन मग लई येळ गप बसले. तीन सालानं ती रयवारची शाळा काडली."

बाहेर पेटी आपटल्याचा आवाज झाला. मामा आले. उंबऱ्याशी थांबले, मला पाहिलं, आत आले. मी उठून उभी राहिले. मला म्हणायचं होतं ते सगळं एका दमात म्हणाले. माझं चुकलं, मी विचार केला नाही, माझ्यामुळे तुमचं, मामींचं...

त्यांनी ऐकून घेतलं. मग पेटीवर बसत म्हणाले, "तू इचारलंस तवा हात कुटं हुते?"

मला आधी समजलंच नाही. "मांडीवर."

"थरथरत हुते?"

"नाही."

"मी पायलं. मला दिसत हुतं." त्यांनी मान हलवली. "मग झालं. बस, च्या घे."

चहा मामींनी केला. मामांनी तो स्वतः उठून मला आणून दिला. मी तो सगळा प्यायले.

जामखेडला ते दोन वर्षं एका खोलीत एकटे राहिले. महिन्यातून एकदा नगरला येत. अंकुशचं गाव त्याच बाजूला असल्यानं त्यांची खबर लागायची. तिथेही त्यांनी कुणाच्या तरी ओसरीवर रविवारी पोरं जमवायला सुरुवात केली होती. मला त्यांचं एकच पोस्टकार्ड आलं, सरकारी वळणाच्या स्वच्छ अक्षरात: 'येथील मुले हुशार आहेत. बोलतात चांगली, परंतु हात लपवतात. काम चालू आहे. प्रकृती ठीक. आपले कसे?'

माझंही पुढच्या वर्षी झालं. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या एका शाळेत मराठी शिकवायची जागा मिळाली. त्या मुलाखतीत कुणी आडनाव दुसऱ्यांदा विचारलं नाही. ऐकू गेलं होतं. मी कार्डानं कळवलं. उत्तर आलं नाही, पण पुढे मामी म्हणाल्या, ते कार्ड त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवलं होतं, आणि वाचताना आडनावावर जरा जोर दिला होता.

निवृत्त होऊन ते नगरला परतले आणि तीनेक वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, झोपेतच गेले. मला चार दिवसांनी कळलं. मी पोहोचले तेव्हा विहारात माणसं बसली होती. त्यात सुप्याचा अंकुश होता, जामखेडची तीन अनोळखी मुलं होती, आणि मेमोच्या चौकशीची हकीकत सांगणारा तो शिपाईही होता.

पण मला मामा दिसतात ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यातले. ती आमची भेट नव्हे. त्यांनी मला पाहिलंच नाही. मी माळीवाडा स्टँडवरून श्रीरामपूरच्या गाडीत बसले होते, खिडकीशी. सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. रस्त्यापलीकडे लोखंडी कठड्याला एकानं चष्म्यांचा फलक टांगला होता आणि त्याच्या शेजारी हातभर आरसा. मामा तिथे उभे होते. अंगात खाकी नव्हतं, साधा चौकड्यांचा सदरा होता. एक चष्मा लावायचे, आरशात बघायचे, काढायचे, दुसरा मागायचे. विक्रेता कंटाळलेला दिसत होता. मग त्यांनी एक जाड काळ्या काडीचा चष्मा लावला, आणि आरशापासून दोन पावलं मागे सरून स्वतःकडे बघत राहिले. डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली. कॉलर सारखी केली. मिशीवरून बोट फिरवलं. विक्रेता काहीतरी म्हणाला, तर त्याच्याकडे न बघता त्यांनी थांब म्हणून हात केला.

आमची गाडी हलली. मी "मामा!" म्हणून हाक मारली, पण मधे एक टेम्पो आला. तो गेला तेव्हा ते अजून तिथेच होते, आरशातल्या माणसाकडे बघत, आणि हसत होते. चांगले दात दिसेपर्यंत हसत होते.